ठरावापूर्वीचे बोलणे : सामुदायिक वन आणि सामूहिक निर्णयाचे शिक्षण

१

गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात सामाईक मालमत्तेच्या शोकांतिकेविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. सर्वांसाठी खुले असलेले एक कुरण आहे. प्रत्येक गुराखी आपल्या कळपात आणखी एक जनावर वाढवतो. वाढीव जनावराचा लाभ त्याला एकट्याला मिळतो आणि कुरणाचे नुकसान मात्र सर्वांत वाटले जाते. परिणामी कुरण नष्ट होते. या दृष्टांताने पुढील दोन-तीन दशके वनधोरणाच्या चर्चेवर मोठा प्रभाव गाजवला. सामाईक संपत्ती एक तर शासनाच्या ताब्यात असावी किंवा खाजगी मालकीची व्हावी, या मताला त्यातून एक सोपे आणि आकर्षक समर्थन मिळाले.

साहित्याच्या अभ्यासकाने या दृष्टांताकडे संहिता म्हणून पाहिले, तर त्यातील एक उणीव चटकन ध्यानात येते. शोकांतिकेची कल्पना हार्डिन यांनी तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांच्याकडून घेतली होती. दुःखापेक्षा घटनाक्रमाची निष्ठुर अटळता त्यांना अभिप्रेत होती. दृष्टांतात स्थळ आहे, पात्रे आहेत, अटळ शेवटही आहे. परंतु संवाद नाही. एकाच कुरणावर वर्षानुवर्षे गुरे चारणारी माणसे एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. शेवट अटळ ठरतो तो या मौनामुळे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग या मौनाविषयीच होता, असे म्हणता येईल. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात दीर्घकाळ टिकलेल्या सामाईक व्यवस्थांची तत्त्वे मांडलेली आहेत. ज्यांना नियम लागू होतात त्यांतील बहुतेकांना ते बदलण्याच्या प्रक्रियेत भाग घेता यावा, हे त्यांतील एक तत्त्व. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की सहभागींना समोरासमोर बोलण्याची संधी दिली, तर कोणताही बाह्य दंड नसतानाही ते सामाईक साठा पुष्कळ जपून वापरतात. हुआन कामिलो कार्देनास यांनी असेच प्रयोग कोलंबियातील खेड्यांत, प्रत्यक्ष जंगलातून सरपण आणणाऱ्या लोकांबरोबर केले. तेथे बाहेरून लादलेला सौम्य नियम अपेक्षेच्या उलट परिणाम करणारा ठरला. नियम लादलेल्या गटांतील माणसे हळूहळू अधिक स्वार्थी वागू लागली. ज्या गटांना केवळ आपापसांत बोलू दिले होते, त्यांनी जंगल अधिक चांगले सांभाळले.

म्हणजे निर्णयाच्या पद्धतीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्व निर्णयापूर्वीच्या बोलण्याला आहे. हे बोलणे शिकवता येते काय, आणि भारतात ते कोठे, कोणत्या रूपात शिकवले गेले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. त्यासाठी कुमाऊँ, सेवाग्राम आणि गडचिरोली या तीन ठिकाणच्या परंपरा येथे शेजारी ठेवून पाहिल्या आहेत.

२

वन आणि ठराव यांचा संबंध आधुनिक भारतात लिखित स्वरूपात विस्तृतपणे जोडला गेला तो कुमाऊँच्या डोंगराळ प्रदेशात. १९११ ते १९१७ या काळात ब्रिटिश शासनाने तेथील गावांच्या वापरातील विस्तीर्ण जंगले राखीव केली. चराई, पाला आणि लाकूड यांवर बंधने आली. १९१६ आणि विशेषतः १९२१ साली राखीव जंगलांना ठिकठिकाणी आगी लावल्या गेल्या. रामचंद्र गुहा यांनी या असंतोषाचा इतिहास १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला आहे. शासनाने १९२१ मध्ये तक्रार-निवारणार्थ समिती नेमली आणि तिच्या शिफारशींच्या अनुषंगाने १९३१ साली वनपंचायतीचे नियम अस्तित्वात आले. गावाने पंच निवडावेत, पंचांनी राखणदार नेमावा, दंड आकारावा आणि या सर्वांची नोंद ठेवावी, अशी ती व्यवस्था होती. पुढे नियम अनेकदा बदलले आणि वनखात्याचे नियंत्रणही वाढत गेले. तरीही आजच्या उत्तराखंडात वनपंचायतींची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे.

या पंचायतींच्या कागदपत्रांचा अरुण अग्रवाल यांनी केलेला अभ्यास २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जंगलाविषयी आस्था असलेली माणसे पुढे येऊन राखणीचे काम करतात, असा सर्वसाधारण समज असतो. अग्रवाल यांना क्रम पुष्कळदा उलटा दिसला. राखणीत, देखरेखीत आणि दंडाच्या निर्णयात जे प्रत्यक्ष सहभागी झाले, त्यांच्या ठायी जंगलाविषयीची आस्था त्या सहभागातून निर्माण झाली. ज्यांच्या आजोबांच्या पिढीने जंगल पेटवले, त्यांतील कित्येकांचे नातू जंगलाची राखण करू लागले. हे परिवर्तन उपदेशाने झालेले नाही. ते सभेला बसणे, नोंद करणे, दंड सांगणे आणि कधी स्वतः दंड भरणे यांतून घडले. वनपंचायत ही एका अर्थाने प्रौढांची शाळाच होती, आणि तिचे पाठ्यपुस्तक ते स्वतःच लिहीत होते.

येथे शब्दांकडेही लक्ष द्यावयास हवे. हिंदीत सभेने संमत केलेल्या वचनाला 'प्रस्ताव' म्हणतात. तो 'पारित' होतो. मराठीत प्रस्ताव म्हणजे केवळ मांडलेली सूचना. सभेने निश्चित केले म्हणजे तो 'ठराव' होतो. एका भाषेने मांडण्याच्या क्रियेला प्राधान्य दिले आहे, दुसरीने ठरण्याच्या. परंतु दोन्ही शब्दांत मांडणे आणि ठरणे यांच्या दरम्यान जे घडते, त्याचा मागमूस नाही. वनपंचायतीच्या वहीतही तो सहसा नसतो. कोणी हरकत घेतली, कोण गप्प राहिले, कोणाची समजूत कशी पटली, हे वहीत येत नाही. इतिहासकाराला ठराव मिळतो. ठरण्याची प्रक्रिया मिळत नाही.

३

त्याच डोंगराळ प्रदेशात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शालेय शिक्षणाचा एक उल्लेखनीय प्रयोग सुरू झाला. अल्मोडा येथील उत्तराखंड सेवा निधी या संस्थेने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'हमारी धरती हमारा जीवन' या नावाने पर्यावरण-शिक्षणाच्या कार्यपुस्तिका तयार केल्या. या पुस्तिकांचे वेगळेपण असे, की त्यांत जगाच्या पर्यावरणाची सामान्य माहिती हा मुख्य भाग नव्हता. विद्यार्थ्याचे स्वतःचे गाव हीच प्रयोगशाळा होती. घरात रोज किती लाकूड जळते, गुरांना किती गवत लागते, हे मुलांनी वजन करून पाहावयाचे. गावाची गरज काढावयाची. गावाच्या भोवतालच्या जमिनीतून किती मिळू शकते याच्याशी ती ताडून पाहावयाची.

डोक्यावरून लाकडाची मोळी आणणारी बहुधा आई किंवा बहीण असते. ती मोळी तराजूत घालणे ही कृती वरकरणी गणिताची. प्रत्यक्षात तिने घरातील एका अदृश्य श्रमाला आकडा दिला, आणि आकडा मिळाल्यावर तो सभेत बोलण्याचा विषय होऊ शकतो. सामूहिक निर्णयाच्या शिक्षणाची ही पहिली पायरी होय. ज्याविषयी निर्णय घ्यावयाचा ती वस्तू सर्वांना सारखी दिसली पाहिजे.

परंतु ही पहिलीच पायरी आहे. मोजणे शिकवता येते. मोजल्यानंतर काय करावयाचे, याविषयी मतभेद होतात. चाऱ्यासाठी जंगल काही वर्षे बंद ठेवावे, असे आकडे सांगत असले, तरी ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याचे त्या वर्षांत काय होणार, हे आकड्यांत नसते. शिवाय शाळकरी मुलाला गावाच्या सभेत मत नाही. त्याचा हिशेब घरी पोचतो, पण सभेत पोचेलच याची शाश्वती नसते.

मुलांनी स्वतः निर्णय घेण्याची परंपरा दुसरीकडे, वर्ध्याजवळ सेवाग्रामला घडली होती. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. आर्यनायकम दांपत्याच्या नेतृत्वाखाली सेवाग्रामच्या विद्यालयात स्वयंपाक, सफाई, शेती आणि सूतकताई यांची वाटणी विद्यार्थ्यांची आमसभा करीत असे. मुले आपले मंत्री निवडीत, आणि मंत्र्यांना आपल्या कामाचा जबाब सभेपुढे द्यावा लागे. भाजी कमी पडली तर ती खरोखरच सर्वांच्या पानात कमी पडे. येथे निर्णयाचा परिणाम निर्णय घेणाऱ्यावरच होत होता. आजच्या वर्गांत सामुदायिक वनाविषयी जो भूमिका-खेळ घेतला जातो, त्यात नेमकी हीच गोष्ट नसते. एकाने सरपंच व्हावे, दुसरीने सरपण आणणारी बाई, तिसऱ्याने मेंढपाळ, चौथ्याने ठेकेदार. चर्चा करावी, हात वर करून मत द्यावे. खेळ संपला की मेंढपाळ झालेला विद्यार्थी वसतिगृहात जेवावयास जातो.

४

तिसरी परंपरा गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची. तिचा विचार करण्यापूर्वी गोटुल या संस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. व्हेरिअर एल्विन यांचा बस्तरच्या मुरिया समाजातील घोटुलविषयीचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. बाह्य वाचकांनी त्यातून उचलले ते प्रामुख्याने तरुण-तरुणींच्या संबंधांचे चित्रण, आणि पुढे अनेक भाषांतील प्रवासवर्णनांत व कथांत घोटुलची तीच प्रतिमा रूढ झाली. त्याच ग्रंथात घोटुलमधील पदे, कामांची वाटणी, रोज सरपण आणण्याची जबाबदारी आणि कामचुकारास दंड यांचेही तपशीलवार वर्णन आहे. तरुणांना सामूहिक जबाबदारी शिकवणारी संस्था हा तिचा अर्थ वाचनात मागे पडला. एखादी संहिता दुसऱ्या संस्कृतीत जाताना तिच्यातील शिक्षणाचा भाग गळून कुतूहलाचा भाग कसा उरतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

१९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध आदिवासींचे जे आंदोलन झाले, त्याच्या पाठोपाठ मेंढ्यात आत्मशोधाची प्रक्रिया सुरू झाली. गोटुलचे पुनरुज्जीवन हा तिचा एक भाग होता. गावातील देवाजी तोफा आणि बाहेरून आलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या संवादातून पुढे ज्या पद्धती रुजल्या, त्यांतील दोन येथे महत्त्वाच्या आहेत : सर्वसहमतीने निर्णय आणि अभ्यासगट.

या दोहोंचे नाते असे. निर्णय केवळ ग्रामसभा घेते आणि तो सर्वांच्या संमतीनेच होतो. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढे ढकलला जातो. अभ्यासगटात मात्र कोणताही निर्णय घेतला जात नाही. एखाद्या विषयात रस असलेली माणसे जमतात; गरज वाटल्यास बाहेरच्या जाणकाराला बोलावतात; माहिती घेतात, शंका विचारतात, वाद घालतात. बाहेरच्या माणसाला बोलण्याचा अधिकार आहे, परंतु ठरवण्याचा नाही. मधाचा विषय या पद्धतीने हाताळला गेला. पोळे जाळून मध काढण्याची जुनी रीत, तिच्यामुळे माशांचा होणारा नाश आणि पोळ्याचा केवळ मधाचा भाग काढून घेण्याची पद्धत यांचा अभ्यास आधी झाला, आणि मग गावाने नवी पद्धत स्वीकारली.

अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत हा या परंपरेचा शिक्षणविषयक विचारातील सर्वांत मोलाचा भाग आहे. जेथे बोलण्याचा शेवट मतदानात होणार असतो, तेथे प्रत्येक वाक्य बाजू घेऊ लागते. ऐकणारा विरोधकाच्या बोलण्यातील दोष शोधतो. निर्णयाचे ओझे नसलेल्या बैठकीत माणूस आपले अज्ञान कबूल करू शकतो, मत बदलू शकतो. 'एकमत' आणि 'सर्वसहमती' या शब्दांतील भेदही येथे स्पष्ट होतो. एकमत म्हणजे सर्वांचे मत एक असणे. सहमतीत मत भिन्न राहू शकते. तरीही तो निर्णय आपला म्हणून पाळण्याची तयारी असते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. गावाच्या सुप्रसिद्ध घोषणेत दिल्ली-मुंबईच्या सरकारला उद्देशून 'आमच्या गावात आम्हीच सरकार' असे म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. बाहेरच्याशी बोलताना 'आम्ही'च लागते. परंतु त्या 'आम्ही'ला बळ येते ते सभेत आधी 'आपण' घडलेले असते म्हणून.

या पायावर पुढील घटना उभ्या राहिल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक होते. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि २०१३ साली गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ही हकीकत मराठी वाचकांपर्यंत पोचवली.

५

तथापि सर्वसहमतीचा गौरव करताना एक प्रश्न टाळता येत नाही. सभेत कोणीही हरकत घेतली नाही, याचा अर्थ सर्वांची संमती होती असा होतो काय? बीना अग्रवाल यांनी २००१ सालच्या आपल्या लेखात सहभागाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. नावापुरते सभासदत्व, सभेस केवळ हजेरी, विचारल्यास मत देणे, नेमून दिलेले काम करणे, आपण होऊन मत मांडणे, आणि शेवटी निर्णयावर खरोखर प्रभाव पाडणे. वनसमित्यांतील पुष्कळ स्त्रिया खालच्या पायऱ्यांवरच थांबलेल्या त्यांना दिसल्या. जंगल पूर्ण बंद करण्याचा निर्णय पुरुषांनी घेतला आणि सरपणासाठी अधिक दूर जावे लागले ते स्त्रियांना. त्यांच्या मौनाची नोंद संमती म्हणून झाली होती. गुजरात आणि नेपाळमधील समित्यांच्या अभ्यासावर आधारलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात असे दिसते, की समितीतील स्त्रियांचे प्रमाण पाव ते एक-तृतीयांश झाले म्हणजे त्यांच्या उपस्थितीत आणि बोलण्यात लक्षणीय फरक पडतो. धीर हा केवळ व्यक्तीचा गुण नाही. शेजारी कोण बसले आहे यावरही तो अवलंबून असतो.

वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रामसभेसाठी निम्म्या सभासदांची गणपूर्ती आणि उपस्थितांत एक-तृतीयांश स्त्रिया ही अट घातली. वनहक्काच्या दाव्यांवरील ठराव मात्र साध्या बहुमताने होतो. कायद्याला बहुमत पुरेसे वाटते. मेंढ्याला ते अपुरे वाटते. दोन्ही भूमिकांमागे अनुभव आहे. बहुमताने अल्पसंख्य दुखावतात, सर्वसहमतीत दुर्बळ गप्प बसू शकतात. या दोन्ही धोक्यांची जाण देणे हे शिक्षणाचे काम होय. कोणत्याही एका पद्धतीचा पुरस्कार करून ते पूर्ण होत नाही.

मौनाच्या बरोबरीने भाषेचाही प्रश्न आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ओडिशातील नियमगिरी परिसरात बारा ग्रामसभा झाल्या, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांची बोली कुवी, शासकीय व्यवहाराची भाषा ओडिया, न्यायालयाची इंग्रजी. डोंगर हा नियमराजाचे स्थान आहे, ही सभेतील साक्ष या भाषांतून प्रवास करीत धार्मिक अधिकाराचा मुद्दा झाली. मेंढ्यातही बोलणे गोंडीत आणि नोंद मराठीत असते. प्रत्येक ठराव हे एक भाषांतर आहे. ते करणारा बहुधा गावातील शिकलेला तरुण असतो. जंगलाची जाण मात्र अनेकदा न शिकलेल्या वृद्धेकडे असते. या दोघांमध्ये बोलणे झाले नाही, तर वही अचूक राहील आणि जंगलाविषयीचे ज्ञान तिच्याबाहेर राहील. वनहक्क मिळालेल्या गावांपुढे हा धोका आज प्रत्यक्ष उभा आहे.

६

उपरोक्त परंपरा एकत्र पाहिल्या म्हणजे सामूहिक निर्णयाच्या शिक्षणाची काही अंगे स्पष्ट होतात. अल्मोड्याच्या पुस्तिकांनी मोजणे शिकवले. सेवाग्रामने निर्णयाचा परिणाम स्वतः भोगणे शिकवले. कुमाऊँच्या वनपंचायतींनी नोंद ठेवणे, आणि नोंद ठेवता ठेवता राखणदार होणे शिकवले. मेंढ्याने निर्णयाविना अभ्यास करणे शिकवले. स्त्रियांच्या मौनाने या सर्वांची मर्यादा दाखवून दिली. यांपैकी एकाही परंपरेने मतदान हा शिक्षणाचा मुख्य भाग मानलेला नाही.

वर्गासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरेल. सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर या गावाने तेंदूपाने तोडणे बंद करण्याचे ठरवले. तेंदूपानांतून उन्हाळ्यात रोख पैसा मिळतो. परंतु पानांसाठी झाडांची छाटणी होते, जंगलात आग लावली जाते, आणि तेंदूची फळेही हाती लागत नाहीत. केवळ आकडे पाहणारा विद्यार्थी बहुधा पाने तोडण्याच्या बाजूने मत देईल. गावाने तसे केले नाही. त्यांनी तसे का केले, हे समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याला उत्पन्नाच्या तक्त्याबरोबर आगीनंतरचे जंगल पाहावे लागेल, आणि ज्या घराला त्या रोख पैशाची सर्वाधिक गरज होती त्या घराने होकार कसा दिला हे विचारावे लागेल. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरावाच्या वहीत मिळण्याचा संभव कमी आहे. ते गावात जाऊन, बोलूनच मिळेल.

भूमिका-खेळ त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. त्याचा शेवट मात्र बदलावा लागेल. पहिल्या तासाला ठराव घेऊ नये. ज्याने मेंढपाळाची भूमिका केली त्याने दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची करावी. कोण बोलले नाही याची नोंद एका विद्यार्थ्याने ठेवावी आणि ती वाचून दाखवावी. ज्यांची मातृभाषा वर्गाच्या भाषेहून वेगळी आहे त्यांनी एकदा आपल्या भाषेत बोलावे आणि इतरांनी त्याचा ठराव लिहावा. मूळ बोलणाऱ्याने तो आपला म्हणून ओळखला तरच तो ग्राह्य धरावा. या सर्वाला वेळ लागेल. शाळा-महाविद्यालयांच्या वेळापत्रकात एक तास साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि घंटा होण्यापूर्वी काहीतरी ठरले पाहिजे, असा शिक्षकावर दबाव असतो. मेंढ्याच्या सभेत ठरले नाही तर सभा उठते, माणसे घरी जातात, आणि विषय पुन्हा पुढच्या सभेत निघतो.